छपरावरून घातलेली हाक

दहाव्या महिन्याची तीज होती. योंदक ओहोटी साधून चिखलातल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, काढायला निघाली होती. पाठीवर टोपली, हातात वाकड्या दाताचं खुरपं, कानांवरून घट्ट बांधलेलं फडकं. निघताना सासूनं नेहमीप्रमाणे सुनावलं होतं, "कालच्यासारख्या रेतीभरल्या नको आणूस, पोरी. वाळूचं सूप पिऊन दात झिजले माझे." योंदकनंही नेहमीप्रमाणे उलटून सांगितलं होतं, "तुमचे दात मी या घरात यायच्या आधीच झिजले होते, आई." इतकं साधं होतं सगळं. म्हणून तर ही गोष्ट सांगायला बसलो की माझे हातपाय गार पडतात.

चिखलात गुडघाभर उतरल्यावर गोबूकाकू तिच्याजवळ सरकली. गोबू हे तिचं माहेरचं गाव, म्हणून आमचं सगळं कालदेगोल गाव तिला गोबूकाकू म्हणे. शेजारीण, विधवा, तोंडाची फटकळ. पण त्या दिवशी ती कुजबुजतच बोलली.

"वर बघू नकोस, खुरपं चालू ठेव," ती म्हणाली. "गस्तवाल्यांनी यादी केलीय. तुमच्या घराचं नाव आहे त्यात."

"कसली यादी?"

"ज्यांची माणसं तिकडे गेली, त्यांची. परवा मिठाच्या कोठारात नेणार आहेत म्हणे... मागच्या खेपेला नेले, त्यातलं कोणी परत आलेलं पाहिलंस?"

युद्ध आपल्याच माणसांचं आपल्याच माणसांशी होतं, त्यामुळे कोण कधी कोणाचा ते धड कोणालाच कळत नव्हतं. उन्हाळ्यात उत्तरेची फौज आली, गावातल्या अकरा तरुणांना शाळेच्या अंगणात उभं केलं आणि 'स्वयंसेवक' म्हणून घेऊन गेली. त्यात योंदकचा नवरा गिसोप होता. एकही जण आपखुशीनं गेला नव्हता. पण पानं गळायच्या सुमारास दक्षिणेची माणसं परतली, गस्त घालू लागली, आणि जो गेला तो शत्रू, त्याच्या घरचे ते शत्रूच्या घरचे, असं ठरवून मोकळी झाली.

आता ही योंदक कशी बाई होती, ते एका वाक्यात सांगतो. फौजेनं जाताना बैल सोडून न्यायला घेतला, तेव्हा ती दाव्याला लटकून तीन शेतं फरपटत गेली होती, आणि बैल घेऊनच परत आली होती. तर त्या चिखलातही तिचं खुरपं थांबलं नाही.

"मेलेल्याच्या बायकोला कोठारात नेतात का?" तिनं विचारलं.

"मेलेल्याच्या बायकोला कशाला नेतील?"

"मग झालं तर. माझा नवरा मेला."

गोबूकाकूनं चमकून पाहिलं. "कधी?"

"उद्या," योंदक म्हणाली, आणि एक मोठी तिसरी उपटून टोपलीत टाकली.

आमच्याकडे माणूस गेला की कोणीतरी त्याची लांब बाह्यांची, बंदांची बंडी घेऊन छपरावर चढतं. उत्तरेकडे तोंड करून आडनावासकट त्याचं पूर्ण नाव घेऊन तीनदा हाक मारतं. परत ये, ही तुझी बंडी घे. निघालेला जीव हाक ऐकतो आणि बंडीत येऊन बसतो. प्रेत असलं तर बंडी प्रेतावर पांघरतात. परमुलखात मेला आणि प्रेत मिळालं नाही, तर बंडीच पेटीत घालून पुरतात, त्यावर मातीचा ढीग करतात. ती हाक एकदा घातली की आसपासच्या तीन वाड्यांना कळतं. गस्तवाल्यांनाही कळणारच होतं, आणि योंदकला तेवढंच हवं होतं.

सासूनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "जिवंत माणसाला? माझ्या पोराला? तुझी जीभ कशी रेटते गं?"

"जिवंत आहेत म्हणून तर," योंदक म्हणाली. तिनं कोपऱ्यातली रजई वर केली. आमच्याकडे चुलीची धग जमिनीखालून खेळवतात, त्यानं रजईखालची जमीन तापलेली असे, तिथे गिसोपचं पितळी भांडं ठेवलेलं होतं. रोजचा पहिला भात ती त्यात वाढायची आणि झाकून ठेवायची. तिनं झाकण उलटं करून सासूच्या नाकासमोर धरलं. आतून वाफेचे थेंब लोंबत होते. थेंब धरले तर माणूस जिथे असेल तिथे धड आहे, असं आमच्या बायका मानतात. "हे बघा. काल होते, आज आहेत. ते परत येणार आहेत, आई. पण आपणच राहिलो नाही, तर यायचं कोणाकडे त्यांनी?"

म्हातारीनं झाकण हातात घेतलं. ती झाकणाकडे बघत बसली.

गोबूकाकूनं मात्र दुसऱ्या दिवशी शिडी धरता धरता पुन्हा एकदा अडवलं. "योंदक, ऐक माझं. जिवंत माणसाला हाक घालू नये."

"का? काय होतं?"

"काय होतं ते..." काकू घुटमळली. "कोणी कधी घातलीच नाही गं. कोणाला माहीत?"

छपरावर चढायचं काम पुरुषांचं. पण गावात चढण्याजोगा पुरुष उरला कुठे होता? सूर्य खाडीत टेकत होता, नुकतं शाकारलेलं गवत पायाखाली कुरकुरत होतं. खाली रस्त्यावर गस्तीचा म्होरक्या दोन माणसं घेऊन उभा होता, बंदूक खांद्याला, डोळे हिच्याकडे. योंदकनं डाव्या हातात बंडीची गळपट्टी धरली, उजव्या हातात घेर धरला. आणि तिच्या लक्षात आलं की आपण नवऱ्याचं नाव आजवर तोंडातून काढलेलंच नाही. घरात 'अहो', बाहेर 'आमच्याकडचे'. पहिल्यांदा घ्यायचं ते असं, त्याला मेलेला ठरवायला.

"चोन... गिसोप! परत या!"

पहिली हाक चिरकली. दुसरी जरा मोठी निघाली. तिसऱ्या हाकेला मात्र ती विसरली, की हे नाटक आहे. चार महिने दाबून ठेवलेलं सगळं तिच्या छातीतून वर आलं. त्याचा हात, त्याचं ते तोंड लपवून हसणं, जाताना त्याचं तीनदा मागे वळून बघणं. तिला तो हवा होता, आत्ता, या क्षणी, बस्स. "चोन गिसोप!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "परत या! घरी या!"

वारा पडला. खाडीकाठचे लव्हाळे सळसळत होते ते गप्प झाले. आणि हातातली बंडी जड झाली. हळूहळू, ओलं कापड पाणी पीत जातं तशी. योंदकचा तोल गेला, ती गुडघ्यांवर बसली, पण बंडी सोडली नाही. नाकात वास भरला, तंबाखूचा आणि घामाचा. पेटीत ठेवलेली होती म्हणून वास राहिला असेल, असं तिनं मनाशी म्हटलं... पण बंडी तिनं स्वतःच्या हातानं धुऊन, घडी घालून ठेवली होती.

खाली म्होरक्यानं टोपी काढली, मान लववली आणि माणसं घेऊन निघून गेला. यादीतून घर सुटलं.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर बंडी पुरली. त्या संध्याकाळी योंदकनं रजई वर केली, भांड्याचं झाकण उचललं. भात गरम होता. झाकण कोरडं ठणठणीत होतं.

पुढची दोन वर्षं कशी काढली, ते तिचं तिला ठाऊक. झाडाची साल कुटून खाल्ली. केस कापून विकले. गोबूकाकूच्या पडवीत आसरा मागायला आलेल्या शिपायाला विळा दाखवून पळवलं. आणि चिमूटभर का होईना, रोज भांड्यात भात वाढत राहिली. झाकण रोज कोरडं. मग ती त्या भांड्याशी भांडायची. "नाही ना धरत थेंब? नका धरू. मी काही रडणार नाहीये. हट्ट काय तुम्हालाच करता येतो?" सासू भिंतीकडे तोंड करून ऐकायची. घरात दोघीच, तरी म्हातारीला कधी कधी वाटे, की सून बोलायची थांबते ती जणू कोणाचं उत्तर ऐकायला.

दुसऱ्या उन्हाळ्यात, भाताची लावणी उरकल्यावर, एका दुपारी कचेरीचा कारकून एका माणसाला घेऊन दारात आला.

"ही घ्या तुमची अमानत," तो म्हणाला. हातात शिक्क्याचा कागद. "बुसानच्या कैद्यांच्या छावणीतून सुटलाय. दक्षिणेचे जे जबरदस्तीनं नेले होते, त्यांना सोडलं. आणि तुम्ही बाई, जिवंत माणसाचं थडगं बांधून बसलात!"

कागदावर लिहिलं होतं, चोन गिसोप, कालदेगोल.

सासू चप्पल न घालता धावली आणि त्याच्या पायांना मिठी मारून तिनं भोकाड पसरलं. योंदक जागेवरून हलली नाही. माणसाचं डोकं भादरलेलं, डावा गाल भाजून चकचकीत झालेला, पुढचे दोन दात तुटलेले. उंची तीच. कान... कान तेच असावेत. चालणं? उपाशी माणसाला स्वतःचं चालणं कुठून असणार? तो तिच्याकडे बघत होता, पण कसं, तर अनोळखी घराच्या उंबऱ्यावर उभा राहून आत येऊ का विचारणारा माणूस बघतो तसं.

"हे तुम्हीच ना?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं मान हलवली. होय म्हणाला की नाही, तेही धड कळलं नाही.

तो बोलत नव्हता. वीस दिवस झाले, शब्द नाही. जेवायचा, आणि आपलं भांडं आपण विसळून पालथं घालायचा. गिसोपनं जन्मात कधी भांडं विसळलं नव्हतं. दाराशी बसल्या बसल्या झोपायचा. योंदक जवळ गेली की अंग चोरायचा. "आपल्या बैलाचं नाव काय होतं?" ती विचारायची. तो जमिनीकडे बघायचा.

योंदकच्या डोक्याचा पार भुगा झाला. सकाळी तिला वाटे, हेच ते, छावणीनं असे केलेत. दुपारी वाटे, छे, हे नव्हेतच. पाठमोरा बसला असला की धावत जाऊन मिठी मारावीशी होई. तो वळला की ती घागर उचलून बाहेर पडे. सासूला विचारलं तर म्हातारी अंगावर आली. "आईला ओळखता येत नाही का? माझं पोर आहे! तूच त्याला मेला मेला म्हणून ओरडलीस, आता नवरा ओळखू येईना होय?"

हे तिला लागलं. ती उठून गोबूकाकूकडे गेली.

काकूनं सगळं ऐकून घेतलं, चिलीम झाडली. "वेडे, त्याच्या आत कोणी नाहीये म्हणून बोलत नाही तो. तूच नाही का बोलावलंस? जीव बंडीत आला, तू डोंगरावर पुरलास. नुसतं अंग हिंडत होतं तिकडे, ते आता घरी आलं."

योंदकनं एकदम श्वास घेतला. सगळं जागच्या जागी बसलं. कोरडं झाकण, जड झालेली बंडी, उंबऱ्यावरची ती नजर. चूक आपण केली, आता निस्तरायची पण आपणच. तिला इतका आनंद झाला, की काकूच्या दारातच ती रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिसऱ्यांचं खुरपं घेऊन ती एकटी डोंगर चढली. समुद्रावरून धुकं आलं होतं, हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. मातीचा ढीग तिनं हातांनीच चाचपून शोधला. खुरपं चालू लागलं. माती पावसाची ओली होती, खाली खाली मात्र ती कोरडी होत गेली. मग कोमट लागू लागली... तापलेल्या जमिनीसारखी. पेटी कुजून हाताला भुसा आला. आत बंडी होती. दोन वर्षं मातीत राहून धड. गळपट्टी मळलेली, रोज घालून मळते तशी. काखेत घामाचे डाग. कोपरापाशी कापड विरलेलं.

तिनं बंडी उचलली. ती दोन्ही हातांनी उचलावी लागली. उतरताना धुक्यात तिला तिच्या पावलांचा आवाज येत होता, आणि तिची पावलं थांबली की एक पाऊल जास्तीचं वाजत होतं. ती मागे वळली नाही. "चला," एवढंच म्हणाली. "घरी चला."

माणूस ओट्यावर बसला होता. बंडी बघून तो उठला आणि भिंतीला जाऊन चिकटला.

"आई, धरा त्यांना," योंदक म्हणाली.

"नोका..." माणसाच्या तोंडून पहिल्यांदा शब्द निघाला. घोगरा, वेगळ्याच मुलखाच्या हेलाचा. "नोका, वयनी..."

वहिनी म्हणाला. उत्तरेकडच्या बोलीत म्हणाला. योंदकनं ऐकलं. सासूनंही ऐकलं. दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग योंदकनं दात आवळले आणि त्याचा एक हात बाहीत कोंबला. म्हातारीनं दुसरा कोंबला. योंदकनं उजवीकडचा बंद बांधला, डावीकडचा बांधला. माणूस धापा टाकत खाली बसला, मान छातीवर पडली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यानं डोकं वर केलं, छपराकडे पाहिलं, आणि तोंडावर हात धरून हसला.

"अगं, ती कड अजून गळतेच का? बांधून घे म्हणून किती वेळा सांगितलं होतं."

आवाज गिसोपचा होता.

पुढचे दिवस, काय सांगू तुम्हाला! निंदणीला आलेल्या बायका बांधावरून ओरडायच्या, "योंदक, नवऱ्याला जरा सोड की, त्यालाही श्वास घेऊ दे!" आणि ही लाजायच्या ऐवजी चिखल फेकायची. तो तिच्याबरोबर खाडीत उतरे, तिची टोपली आपल्या पाठीवर घेई. गालाच्या चट्ट्यावर ती बोट ठेवायची आणि त्याला गुदगुल्या व्हायच्या. दोन वर्षांची भूक होती, पोटाचीही आणि बाकीचीही. तिनं कशातच कमी केलं नाही.

फक्त तो जे बोलायचा, त्यानं तिला मधूनच गोंधळायला व्हायचं.

"छावणीत कसं होतं?" तिनं एकदा विचारलं.

"कसली छावणी?" तो म्हणाला. "तू हाक मारलीस, मी आलो."

"आणि मधली दोन वर्षं?"

"इथेच तर होतो." त्यानं कोपऱ्याकडे बोट केलं. "पहिल्या हिवाळ्यात तू शेवटचे जव आईच्या उशीत शिवून ठेवलेस. केस विकून आलीस त्या दिवशी आरशावर फडकं टाकलंस. भांड्याशी भांडायचीस... मी शेजारीच बसायचो, उत्तर द्यायचो. तूच माझ्याकडे बघत नव्हतीस." त्याच्या आवाजात खरीखुरी तक्रार होती. "मला वाटलं, रागावलीयस."

योंदकनं त्याला छातीशी धरलं. त्याचं अंग गरम होतं, नाडी चालत होती. जिवंत नवरा मिठीत आहे, आणखी काय पाहिजे? बाकीचं काही समजून घ्यायची गरज नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

बंडी तो काढत नसे. योंदक ती अंगावरच ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. पण भर उन्हाळ्यात एका दुपारी तो ओट्यावर आडवा झाला, आणि गरमीनं जीव कासावीस झाला म्हणून झोपेतच त्यानं उजवीकडचा बंद ओढला. सासू शेतावर होती. रातकिडे दुपारीच किरकिरत होते. योंदक त्याच्या उशाशी फाटके मोजे शिवत बसली होती.

"वयनी," तो म्हणाला.

डोळे मिटलेले. फक्त ओठ हलत होते.

"घाबरू नोका. बंद सुटला, तेवढ्यात बोलून घेतो. मी मुन्दाल. आंजूकडचा, लांब उत्तरेचा. घरी बायको हाये, एक पोरगी हाये."

सुई योंदकच्या हातात तशीच राहिली.

"छावणीत मी आन तुमचे मालक शेजारी शेजारी झोपत होतो. उत्तरेचा म्हणून माझा जीव धोक्यात होता, आन दक्षिणेचे लवकर सुटतील म्हणत होते. तो गेल्यावर मी त्याचा कागद घेतला. चुकलं माझं. इथे आणून सोडलं मले, तोंड उघडलं असतं तर बोलीवरून मारला असता. म्हनून गप होतो. सांगनार होतो, वयनी, लढाई थांबली की सांगून जानार होतो..."

"तो गेल्यावर?" योंदक त्याच्या तोंडाशी वाकली. "म्हणजे... कसे गेले?"



"काई झालं नव्हतं त्याले. ना ताप, ना जखम. भात वाटत होते, सूर्य बुडत होता. माझ्याशी हसून बोलत होता, घरच्या बैलाचं काई तरी. आन एकदम उठून बसला. कान लावला. म्हने, मुन्दाल, ऐक, बायको बोलावते. नाव घेऊन बोलावते रे, कधी घेत नाही ती... जातो मी. असं म्हनला, आन आडवा झाला. मी हलवून हलवून पायलं."

"कधी?" ती म्हणाली. तिला उत्तर ठाऊक होतं, तरी तिनं विचारलं.

"दहावा महिना. चौथ."

योंदकनं फडक्याचा बोळा तोंडात कोंबला. आवाज बाहेर येऊ दिला नाही. तो धडधाकट होता. हसत होता. घरी येणार होता. तिसऱ्या हाकेत तिनं जीव ओतला नसता, तर याच दारातून स्वतःच्या पायांनी आला असता. मीच मारला, मीच मारला, असं ती मनात किती वेळ म्हणत राहिली, तिचं तिलाही कळलं नाही.

"दुसरा बंद सोडा, वयनी," मुन्दाल म्हणाला. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, नुसती अजिजी होती. "त्याले जाऊ द्या. त्यालेही कळत नाही आपन कुठे हाय ते. मी घरी जाईन. पोरगी सात वर्षांची झाली असेल... सोडा."

तिचा हात डावीकडच्या बंदापर्यंत गेला. गाठीवर थांबला. नुसती ओढायची होती. तिच्या मनासमोर दोन बायका होत्या, एक ती स्वतः, आणि एक लांब उत्तरेला, तिच्याच वयाची, तिच्यासारखंच भांडं झाकून ठेवणारी. योंदकला ती बाई स्पष्ट दिसली. 

मग झोपलेला माणूस कुशीवर वळला, आणि गिसोप पुटपुटला, "अगं... कुठे आहेस?"

"इथेच आहे," योंदक म्हणाली.

तिनं गाठ सोडली नाही. सुटलेला बंद घेतला, घट्ट बांधला. मग मोज्याचा दोरा तोडून बंडीच्या दोन्ही कडा एकावर एक ठेवल्या आणि शिवायला लागली. बारीक, पक्के टाके, पोत्याचं तोंड शिवतात तसे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात सरळ चालत होता. "मला काही ऐकू आलेलं नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "माझा नवरा झोपलाय. मला काही ऐकू आलेलं नाही."

खालच्या घेरापाशी पोचली, तेव्हा कापड अंगापासून चांगलं वीतभर लांब, ओट्यावर पसरलेलं होतं. तिथे तिनं सुई खुपसली. झोपलेल्या माणसाचं सगळं अंग कळ आल्यासारखं आखडलं. कापडावर रक्ताचा एक ठिपका उमटला, आणि पसरत गेला.

"आई गं, टोचलं," गिसोप म्हणाला.

"टोचलं..." त्याच तोंडातून मुन्दाल म्हणाला.

आणि थोड्या वेळानं, अगदी हलक्या आवाजात, त्या तोंडातून नव्हे, बंडीच्या कापडातून, ओळखीच्या नसलेल्या तिसऱ्याच कोणीतरी म्हटलं, "टोचलं."

योंदकनं सुई ओढून घेतली आणि पुढचा टाका घातला.